सिंगापूरच्या क्रांजीला पणजोबांचं नाव शोधायला जाताय? आधी घरची ट्रंक उघडा

आपल्या कोकणात वाडीत एखादं तरी घर असतंच जिथला कोणीतरी लढाईवर गेला तो आलाच नाही. आता त्याच घरातली मुलं सिंगापूरला नोकरीला आहेत, आईवडील महिनाभर तिकडे जाऊन येतात, तर एक सकाळ क्रांजी वॉर सेमेटरीला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पडलेल्यांच्या दफनभूमीला, द्याच. पण नुसतं जाऊन उभं राहिलात तर काही हाती लागणार नाही, तिथल्या सिंगापूर मेमोरियल या स्मारकावर २४,००० पेक्षा जास्त नावं आहेत, त्यामुळे खरं काम निघायच्या आधी घरी करायचं.

पहिलं ट्रंकेतलं मेडल बाहेर काढा आणि त्याची कड उजेडात तिरकी धरून वाचा. आपल्या शिपायांच्या मेडलवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरात असते, स्टार म्हणजे चांदणीच्या आकाराचं मेडल असेल तर मागच्या बाजूला. हात जोडून सांगतो, ते चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका, चकाकी येते पण अक्षरं झिजतात आणि तो नंबर गेला की शोध तिथेच अडतो. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांच्या घरी ब्रॉन्झची साधारण १२ सेंटीमीटरची गोल चकती आलेली असते, तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नाही नंबर नाही. कागद काहीच नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, साइटवर शोधायचं, फुकट आहे. मराठा पलटण टाकताना इंग्रजीत महरत्ता असं जुनं स्पेलिंग टाका, म्हणजे मधे एच आणि पुढे दोन टी. आडनाव पलटणीच्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून जाधव, घाडगे, मोरे सगळं दोनतीन प्रकारे टाकून बघा, नाव आधी आडनाव नंतर आणि उलटंही. नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव आणि गाव असतं, पण जिल्हा त्यावेळचा. सिंधुदुर्ग १९८१ ला झाला, त्याआधी कुडाळ मालवण सगळं रत्नागिरीत, आणि रायगड म्हणजे कुलाबा. सापडलं की कॉलम नंबर, म्हणजे स्मारकावर नाव कोणत्या रकान्यात कोरलंय तो, लिहून घ्या, हा नंबर नसेल तर तिथे तासन्‌तास फिराल.

आणि एक गोष्ट घरच्या म्हाताऱ्यांना आधीच नीट समजावून सांगा, आपल्या माणसाची तिथे समाधी असेलच असं नाही, बहुतेक वेळा नाव भिंतीवर असतं. ज्यांचा देह सापडला नाही ते मेमोरियलवर. आपल्या माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालेले, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांचीही कबर नाही, नाव कसिनो मेमोरियलवर आहे. क्रांजीत मुख्य मेमोरियलच्या मागे एक वेगळं क्रिमेशन मेमोरियल आहे, धर्माप्रमाणे दहन झालेल्या जवळजवळ ८०० जणांचं, त्यातले बहुतेक भारतीय फौजेतले. लोक पुढचे खांब बघून परततात आणि मागे जातच नाहीत, तुम्ही जा.

पोचायला सोपं, एमआरटीच्या (तिथली मेट्रो) लाल लाइनवर क्रांजी स्टेशन, तिथून चालत. सकाळीच जा. हवा म्हणजे आपला वैशाखातला घामटा, फक्त बारा महिने, सावली कमी, दुपारी विजांचा पाऊस. आपल्याकडे डिसेंबर कोरडा म्हणून तेव्हा तिकीट काढाल तर तिथे तेव्हाच जास्त पाऊस असतो. पाणी, टोपी, छत्री आणि ओल्या गवतात न घसरणारी चप्पल.

फुलं लिटल इंडिया या तिथल्या भारतीय वस्तीत मिळतात, हार घ्या, खाली ठेवा. हळदकुंकू दगडाला लावू नका, डाग जात नाही. नारळ फोडणं, दिवा लावणं टाळा, हात जोडून मनात काय ते बोला, कोणी अडवत नाही. तिथली माती आणायची सगळ्यांनाच इच्छा होते पण परदेशातून माती आणायला आपल्याकडे परवानगी लागते, एअरपोर्टवर काढून घेतील, त्यापेक्षा राहू द्या.

नाव क्रांजीत नसून रंगून मेमोरियलवर निघालं तर ते म्यानमारमध्ये यांगोनच्या उत्तरेला तौक्यानला आहे, सध्याची तिथली परिस्थिती बघता आत्ता जाऊ नका. आणि तुमचा माणूस शिपाई नसून बोटीवरचा खलाशी असेल तर परदेशात शोधण्याआधी इथेच बघा, पहिल्या महायुद्धातल्या २,००० हून जास्त खलाशांची नावं मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहेत, आधी विचारून जा.

फोटो दोन काढा. एक नावाचा जवळून, आणि एक वरखालच्या दहाबारा नावांसकट, कारण नावं पलटणीप्रमाणे लावलेली असतात आणि शेजारचा माणूस दापोली, खेड, संगमेश्वर कुठलाही असू शकतो. तो दुसरा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, त्या घरातल्यांना कदाचित अजून माहीतही नसेल.