मेगाबिट, मेगाबाइट आणि रुपयातले दोन आणे

पुण्यात इंटरनेटची नवी फायबर जोडणी घेतलेल्या घरांतून एक तक्रार वारंवार ऐकू येते: पैसे शंभराच्या वेगाचे भरले, मात्र फाइल उतरवताना संगणकावरचा आकडा बाराच्या पुढे सरकत नाही. कोथरूडला आमच्या शेजारच्या काकांनी याच कारणासाठी जोडणी बंद करण्याचा अर्ज लिहून ठेवला होता. वास्तविक दोन्ही आकडे खरे होते. एकके तेवढी वेगळी होती.

जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. इंग्रजीत लहान 'बी' म्हणजे बिट आणि मोठा 'बी' म्हणजे बाइट असा संकेत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे मराठी जाहिरातीत किंवा सोसायटीच्या सूचनाफलकावर दोन्हींचे 'एमबी' असे एकच रूप होते, आणि घोटाळ्याचे मूळ बहुतेक वेळा तिथेच असते. म्हणून मराठीत लिहिताना 'मेगाबिट' किंवा 'मेगाबाइट' असा पूर्ण शब्दच लिहावा, असा माझा आग्रह आहे.

मेगाबिटचे मेगाबाइट करण्यासाठी ८ ने भागावे. ज्यांना जुने नाणे आठवते त्यांनी रुपयातले दोन आणे काढावेत, कारण १६ आण्यांतले दोन म्हणजे आठवा हिस्साच. तोंडी हिशोबासाठी तीनदा निम्मे करणे सर्वांत सोपे: शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, पंचविसाचे साडेबारा. याच रीतीने ४० मेगाबिटचे ५ मेगाबाइट, ३०० चे साडेसदतीस आणि १ गिगाबिटचे, म्हणजे १,००० मेगाबिटचे, १२५ मेगाबाइट प्रतिसेकंद होतात. उलट जायचे असेल तर ८ ने गुणावे.

मग पडद्यावर साडेबाराऐवजी सव्वाअकराच्या आसपासचा आकडा का दिसतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. जोडणीच्या हिशोबात मेगा म्हणजे नेमके दहा लाख. विंडोज मात्र १०,४८,५७६ बाइटना एक मेगाबाइट म्हणते. या मोठ्या एककाला १९९८ मध्ये 'मेबीबाइट' हे स्वतंत्र नाव देण्यात आले, तरी विंडोजने जुनेच नाव चालू ठेवले आहे. त्यामुळे साडेबाराचे ११.९२ होतात. शिवाय इथरनेटच्या, म्हणजे संगणक राउटरला जोडणाऱ्या केबलच्या, तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक १,५३८ बाइटपैकी फाइलचा मजकूर साधारण १,४६० बाइटच असतो आणि उरलेली जागा पत्ते व तपासणीच्या नोंदी घेतात. ही सुमारे पाच टक्क्यांची घट धरली की ११.३ उरतात. शंभर मेगाबिटच्या तारेवर हा आकडा दिसत असेल, तर जोडणी पूर्ण क्षमतेने चालू आहे असे समजावे. मॅकवर हजाराच्याच पटीत मोजतात, म्हणून तिथे तोच वेग ११.९ च्या जवळ दिसतो.

वेळेचा अंदाज काढताना माझ्या मते सर्वांत उपयोगी आकडा ४५० हा आहे: १ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने तासाला ४५० मेगाबाइट जातात, कारण ३,६०० भागिले ८ म्हणजे ४५०. समजा, सदाशिव पेठेतल्या एखाद्या स्टुडिओला लग्नाच्या चित्रीकरणाची ४० गिगाबाइटची फाइल ग्राहकाकडे पाठवायची आहे आणि पाठवण्याचा वेग ४० मेगाबिट आहे. तासाला १८ गिगाबाइट जातील, म्हणजे सव्वादोन तासांना थोडे कमी. वरची घट धरल्यास दोन तास वीस मिनिटे. ग्राहकाला वेळ सांगण्यापूर्वी हा हिशोब अवश्य करावा, आणि तो उतरवण्याच्या नव्हे, पाठवण्याच्या वेगावर करावा, कारण अनेक योजनांत हे दोन वेग सारखे नसतात.

या रूपांतराने बिघाडही सापडतो. मी स्वतः ३०० मेगाबिटची योजना घेतली, तरी विंडोजवर आकडा ११.३ च्या पुढे जाईना. हा आकडा शंभराच्या तारेचाच आहे हे लक्षात आल्यावर मी केबल तपासली. शंभर मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला मात्र चारही लागतात, आणि माझ्या केबलमधली एक जोडी तुटलेली असल्यामुळे राउटर आपणहून शंभरावर उतरला होता. केबल बदलताच तोच आकडा ३४ वर गेला.