चढ आणि बिंदू दिला असता रेषेचे समीकरण चुकणे: माझा अनुभव

फोंड्याला अकरावीतल्या भाचीची शिकवणी घेताना एक अडचण पुन्हा पुन्हा येत होती: दिलेल्या बिंदूचा निर्देशांक ऋण असला, की तयार झालेले समीकरण त्याच बिंदूतून जात नसे. उदाहरणार्थ, चढ −२/३ आणि बिंदू (−३, ५) असता तिचे उत्तर २क्ष + ३य = २१ येई, पण बिंदू घातल्यावर डावी बाजू ९ च होई. सूत्र पाठ करून घेतले, य = मक्ष + क (म म्हणजे चढ, क म्हणजे स्थिर संख्या) या रूपानेही सोडवून पाहिले, पण तिथे अपूर्णांकात चूक होऊ लागली. दोन संध्याकाळी यातच गेल्या.

शेवटी पुढील क्रम लागू पडला. आधी संख्या न घालता य − ( ) = म[क्ष − ( )] असा रिकाम्या कंसांचा सांगाडा लिहायचा. मग बिंदूचे निर्देशांक चिन्हासकट कंसांत भरायचे: य − (५) = −२/३[क्ष − (−३)]. त्यानंतरच कंस सोडवायचे, म्हणजे क्ष + ३ आपोआप मिळते. तिची वही पाहिली तेव्हा तिथेच क्ष − ३ लिहिलेले आढळले. आता छेद घालवण्यासाठी दोन्ही बाजूंना ३ ने गुणायचे, आणि डावीकडच्या ५ लाही, कारण हा ५ हमखास सुटतो. ३य − १५ = −२क्ष − ६, म्हणून २क्ष + ३य = ९. बिंदू घालून पाहिल्यास −६ + १५ = ९.