‘नवीन संशोधन सांगतं’ अशी बातमी आली की ती वाचायची कशी

मेंदू, तब्येत, अंतराळ, प्राणी, या विषयांवरच्या नव्या शोधांच्या बातम्या मला मनापासून आवडतात आणि त्यातलं खरं काम खरंच भारी असतं, फक्त हेडलाईन आणि मूळ संशोधन यांच्यात बरंच अंतर पडलेलं असतं. ते कसं ओळखायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, प्रयोग कुणावर झालाय ते शोधा. स्मरणशक्ती वाढवणारं, वय थांबवणारं काहीही वाचलं की त्यात ‘उंदरांवर’ हा शब्द आहे का बघा, बऱ्याचदा तो पार खाली सातव्या-आठव्या ओळीत असतो. उंदरांवरचं काम टाकाऊ नसतं हां, औषधांची सुरुवात तिथूनच होते, पण तिथे चाललेल्या बऱ्याच गोष्टी माणसात चालत नाहीत.

माणसांवर असेल तर किती जण ते बघा. १९९३ साली आलेला तो ‘मोझार्ट ऐकून हुशारी वाढते’ म्हणून गाजलेला प्रयोग घ्या, ३६ कॉलेजच्या मुलांना १० मिनिटं मोझार्ट या जुन्या युरोपियन संगीतकाराचं संगीत ऐकवलं, मग आकार डोळ्यांसमोर आणून सोडवायची कोडी त्यांना थोडी चांगली जमली, आणि तो परिणाम १०-१५ मिनिटंच टिकला. एवढंच होतं. त्यात एकही बाळ नव्हतं, तरी पुढे बाळांना हुशार करायच्या सीड्या त्याच्या नावावर विकल्या गेल्या!

आणि किती गोष्टी मोजल्या तेही बघा, हे फार कमी लोक बघतात. २०१५ मध्ये जॉन बोहानन नावाच्या पत्रकाराने मुद्दाम एक कच्चा अभ्यास केला, जेमतेम १५ माणसं, त्यांचे तीन गट, त्यातल्या एकाला रोज चॉकलेट, आणि प्रत्येकाच्या १८ गोष्टी मोजल्या, वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे. इतकं सगळं मोजलं की काहीतरी एक योगायोगाने ‘लागतं’च. तसं लागलं आणि चॉकलेटने वजन लवकर उतरतं अशा बातम्या कितीतरी देशांत छापून आल्या, नंतर त्याने स्वतःच सगळं उघड केलं.

आता टक्के. इथे सगळ्यात जास्त घाबरायला होतं म्हणून जरा थांबून वाचा. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं. ते बरोबरच आहे, पण १८ टक्के कशाचे? आयुष्यभरात १०० पैकी साधारण ५ जणांना हा कॅन्सर होत असेल तर ते ५ चे ६ होतात, १०० चे ११८ नाही. म्हणून ‘इतक्या टक्क्यांनी वाढलं’ दिसलं की आधी मूळ आकडा किती होता ते शोधायचं, आणि बातमीत तो नसेल तर त्या बातमीवरून घाबरायचं नाही आणि काही बदलायचंही नाही.

पावलांचंही तसंच. रोज ७००० पावलं चालणाऱ्यांमध्ये २००० वाल्यांपेक्षा मृत्यूचा धोका ४७ टक्के कमी दिसला असं २०२५ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आलं, कितीतरी अभ्यास एकत्र करून काढलेलं, चांगलं काम आहे. पण जो आधीच आजारी आहे तो मुळात कमीच चालतो ना, तो सगळा फरक चालण्यामुळेच पडला असं धरता येत नाही. संशोधक याचा हिशोब लावायचा प्रयत्न करतात, पूर्ण जमत नाही. चाला मात्र नक्की, त्याच्या बाजूने पुरावा भरपूर आहे.

अंतराळाच्या बातम्यांत ‘सिग्मा’ शोधा, दिसलेलं निव्वळ योगायोग नसल्याची खात्री किती ते सांगणारं हे माप, आकडा जितका मोठा तितकी खात्री जास्त. के२-१८बी हा ग्रह आपल्यापासून १२४ प्रकाशवर्षं लांब, तिथे डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा दिसल्या असं २०२५ च्या एप्रिलमध्ये खगोलशास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या टीमने जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीच्या डेटावरून मांडलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म जीव बनवतात म्हणून एवढी खळबळ. पण खात्री होती ३ सिग्मा, शोध लागला म्हणायला ५ लागतात, हे त्या टीमनेच सांगितलं होतं. नंतर दुसऱ्यांनी तोच डेटा तपासला तर खूण आणखी कमकुवत निघाली, शिवाय हा वायू एका धूमकेतूवरही सापडलाय जिथे जीव वगैरे काही नाही.

लघुग्रहांचे टक्के तर बदलणारच. २०२४ वायआर४ पृथ्वीवर आदळायची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि थोड्याच दिवसांत जवळजवळ शून्य झाली. त्यात कुणी लपवाछपवी केली नाही, जास्त निरीक्षणं आली की कक्षा जास्त नेमकी कळते, बस. अशा बातमीत तारीख बघा आणि आठवड्याने परत शोधा.

शेवटचं, जुना शोध कुणाला सांगायच्या आधी त्याचं नाव टाकून ‘मागे घेतला’ असं एकदा सर्च करा. आर्सेनिकवर वाढणाऱ्या जिवाणूचा २०१० चा पेपर ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०२५ मध्ये मागे घेतला, लेखकांना ते मान्य नाही, फसवणुकीचा आरोपही नाही, पण तो दाखला म्हणून द्यायचा असेल तर हे सगळं सोबत सांगा.