काहीच सुचेना? मग आधी गंगावेशीत जाऊन दूध प्या

दर शनिवारी संध्याकाळी कोल्हापुरात आमच्या घरी पाच-सहा पोरं गोष्टी लिहायला बसतात, सहावी ते दहावीतली. पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकच, काका काहीच सुचेना. सुचायची वाट बघत बसलात तर बारावी होऊन जाईल, त्यामुळं ते सोडा आणि आधी बघायला जावा.

मी त्यांना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पाठवतो. समोर म्हशीची धार काढतात, फेसाळ ग्लास हातात देतात, आपण वीस मिनिटं उभं राहायचं आणि घरी येऊन दिसलेल्या-ऐकलेल्या दहा गोष्टी लिहायच्या. 'वातावरण प्रसन्न होतं' असलं काही चालणार नाही, प्रसन्न डोळ्याला दिसत नाही. एका पोरीनं लिहिलं होतं, एका माणसानं दूध पिलं, मिशीला लागलेला फेस पुसला पण नाही, तसाच किक मारून गेला. झालं की! एवढी कसली घाई होती त्याला? इथनं गोष्ट सुरू.

आता मेन मुद्दा. गोष्ट म्हणजे कुणाला तरी काहीतरी पाहिजे असतं आणि ते मिळायच्या आड काहीतरी येतं, बास. निबंधात आणि गोष्टीत फरक इथंच पडतो. समजा महापूर घेतला, आपल्याकडं पावसाळ्यात सगळ्यांच्या मोबाईलवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाण्याची पातळी फिरत असते, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ ला तर ५५ च्या वर गेलेलं. पुरावर लिहा म्हटलं की पोरं पुराची माहिती लिहितात. त्यापेक्षा एक आजोबा घ्या जे म्हशी सोडून घराबाहेर पडणार नाहीत, आणि एक नातू घ्या ज्याला त्यांना बाहेर काढायचंय. आणि प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला नुसता आकडा टाका, ३९, ४१, ४३. भीती वाटली, छातीत धडधडलं हे लिहायची गरजच नाही, आकडाच वाचणाऱ्याचा घसा कोरडा करतो.

सुरुवात 'पावसाळ्याचे दिवस होते, आकाशात काळे ढग दाटून आले होते' अशी नको, ती शंभर वह्यांत आहे. डायरेक्ट मधनं उडी मारा:

"तू जा बोटीतनं, मी न्हाई येत."
"आज्जा, पाणी उंबऱ्याला लागलंय."
"मग उंबरा काय आज बघायलाय व्हय पाणी?"

बघा, आजोबा कसे दिसतात सांगितलं नाही तरी दिसले. बोलणं आपल्या घरातलंच ठेवा. आपल्याकडं पोरी पण 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात, संवादात ते तसंच लिहा, मधलं वर्णन प्रमाण मराठीत असलं तरी चालतंय. दोन्ही भाषा एकाच गोष्टीत सुखानं नांदतात.

हात दुखत असेल तर मोबाईलच्या व्हॉइस टायपिंगवर बोला, मराठी बरं टाईप होतंय, फक्त पूर्णविराम स्वतः टाकावे लागतात आणि गावाकडचे शब्द ते परस्पर बदलतंय, तेवढं बघून घ्या. पहिली गोष्ट पाचशे शब्दांत संपवा. कादंबरी काढायची नाही आत्ता.

शेवट 'आणि मला जाग आली' असा केला की मी वही परत देतो. तात्पर्य पण नको.

पालकांना एक हात जोडून सांगणं, पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका. माझ्या एका मास्तरांनी माझी पहिली गोष्ट लाल पेनानं इतकी रंगवली की नंतर चार-पाच वर्षं मी काही लिहिलंच नाही. शुद्धलेखन शेवटी. आधी वही चार दिवस बाजूला ठेवायची, मग घरातल्या कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवायची, जिथं जीभ अडखळेल तिथं वाक्य तोडायचं, आणि जिथं समोरचा मोबाईल बघायला लागेल तो पॅरा सरळ काढून टाकायचा.

आणि हो, वही साधी दोनशे पानी घ्या. भारी डायरी घेतली की खराब होईल म्हणून कोण लिहितच नाही, माझ्याकडं तसल्या तीन कोऱ्या पडल्यात.