ग्रामविकास शिकताय? आधी दप्तर वाचा, मग दारं वाजवा

'ताई, कुठं प्रवेश घेऊ?' असं पोरं विचारतात. व्यवस्थापनाची ओढ असेल तर आणंदची इर्मा, म्हणजे ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था, 1979 साली डॉ. कुरियन यांनी उभी केलेली. इंजिनिअरिंग झालं असेल तर आयआयटी मुंबईचं सितारा, म्हणजे ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र. आणि गावाला लागूनच राहायचं असेल तर टिसचं, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेचं, तुळजापूर. मी तुळजापूरची, तेव्हा माझा कल सांगायला नको. पण कुठंही गेलात तरी गाडी अडते ती फिल्डवर्कपाशी.

गावात जाण्याआधी कागद वाचा. जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढा, तिच्यात गावनिहाय शाळा, पाणी, रस्ते सगळं असतं. आकडे 2011 चे आहेत, हे विसरू नका. मग ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, विकास आराखडा आणि ग्रामसभेचं इतिवृत्त मागा. सरपंचांना आधी भेटा, ग्रामसेवकाला (2024 पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) फोन करून जा. त्याच्याकडे बऱ्याचदा एकाहून जास्त गावं असतात. इतिवृत्तात सह्या बघा. बायकांच्या सह्या ओळीनं एकाच वळणाच्या दिसल्या तर वहीत टिपून ठेवा, तिथंच विचारत बसू नका.

आता वेळ. आमच्या मराठवाड्यात डिसेंबरात सर्वेक्षण ठेवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेलेल्या असतात. गावात म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरं. विद्यार्थी कुलूप दिसलं की पुढच्या घरी जातो, अर्ज भरून आणतो आणि त्याच्या तक्त्यात स्थलांतर जवळपास नसतंच. म्हणून कुलूपबंद घरंही मोजा. शेजारी विचारा: कोण गेलंय, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कुणाकडून घेतली, पोरं कुठं आहेत. मग पावसाळ्यात, टोळ्या परतल्यावर, त्याच दारांवर पुन्हा जा. तांडा असेल तर त्याचं वेगळं टिपण ठेवा. बऱ्याच ठिकाणी तो महसुली गावाच्या आकड्यांतच मिसळलेला असतो, आणि गावाला नळ आला म्हणजे तांड्यालाही आला असं नसतं.

शिवारफेरी सकाळी, गुराख्याला किंवा शेतमजुराला सोबत घेऊन. पुढाऱ्याबरोबर गेलात तर बंधारे दिसतील. गुराख्याबरोबर गेलात तर गायरान कुणी दाबलंय ते दिसेल. सामाजिक नकाशा, म्हणजे गावकऱ्यांनीच जमिनीवर रेखलेलं गाव, पारावर काढायला बसलात की काठी पुरुषाच्या हातात जाते आणि नकाशा देवळापासून सुरू होतो. म्हणून दुपारी बायकांबरोबर दुसरा काढा, त्यांच्याच गल्लीत, रांगोळीनं. त्यांचा नकाशा बहुधा पाण्यापासून सुरू होतो. दोन्ही नकाशांचे फोटो शेजारी शेजारी ठेवा, अर्धा अहवाल तिथंच तयार होतो.

उरलेला अर्धा म्हणजे प्रदेश. राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजायला 1983 साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका खाली, तितका त्याचा अनुशेष, असं तिचं ढोबळ गणित. सरासरीच्या पोटात काय दडतं हा पुढचा वाद. त्याच प्रश्नावरच्या केळकर समितीनं 2013 च्या अहवालात तालुका हे एकक धरा म्हटलं. माझ्या मते तालुकाही पुरत नाही. बारामतीचंच बघा: नीरा डाव्या कालव्याखालची बागायत गावं आणि सुप्याकडचा जिरायत पट्टा, दोन्ही एकाच तालुक्यात. म्हणून प्रत्येक आकडा गाव, तालुका, जिल्हा अशा तीन रकान्यांत मांडा आणि गावाचं पाणी कुठून येतं ते पहिल्या पानावर लिहा.

अहवाल इंग्रजीत मागितला तरी दोन पानं मराठीत काढा, आडनावं आणि उचलीचे आकडे वगळून. 26 जानेवारी किंवा 1 मेच्या ग्रामसभेत उभं राहून वाचा. चूक असेल तर लोक तिथल्या तिथं टोकतात, ते लिहून घ्या आणि मगच विभागात जमा करा.