मनगटाखाली गादी ठेवूनही हात का दुखतो? या चुका टाळा

की-बोर्डसमोर रिस्ट रेस्ट ठेवूनही संध्याकाळी मनगट भरून येतं, अशी तक्रार अनेकांची असते. बहुतेकदा दोष गादीचा नसतो. टाइप करतानाही मनगट तिच्यावर रोवलेलं असतं, तिथे चुकतं. ही गादी विसाव्यासाठी आहे. वाचायला, विचार करायला थांबलात की हात टेकवा. बोटं चालू झाली की उचला.

मनगटाच्या आत, तळहाताच्या बाजूला, कार्पल टनेल नावाचा अरुंद बोगदा आहे. बोटं वाकवणाऱ्या 9 कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नस (मज्जातंतू) त्यातूनच जातात. मनगट वरून दाबून ठेवलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. शिवाय मनगट एका जागी खिळलं की लांबची बटणं गाठायला हात कोपरातून सरकत नाही, मनगटच आडवंतिडवं वाकतं. माझ्या मते जास्त नुकसान यातच होतं.

टेकायचं ते तळहाताच्या मुळाशी असलेल्या मांसल भागावर. नाडी बघतो ती जागा गादीवर दाबली जात असेल, तर हात किंवा गादी सरकवून घ्या.

गादी की-बोर्डच्या पुढच्या कडेएवढीच उंच हवी. उंच असेल तर मनगट खाली झुकतं, बुटकी असेल तर हात वर मुडपतो. की-बोर्डचे मागचे पाय उघडे असतील तर आधी मिटा. अनेकांचा निम्मा त्रास तिथेच असतो. आणि खुर्ची फार खाली असेल, तर कुठलीच गादी कामाची नाही. खांदे सैल सोडल्यावर कोपर साधारण बटणांच्या उंचीवर यायला हवं.

माऊसच्या पॅडवर उंचवटा असेल, तर त्यावर मनगट टेकवून नुसतं मनगटातून माऊस फिरवू नका. हात कोपरापासून हलवा.

मनगटाला बांधायचा पट्टीचा आधार ही वेगळी गोष्ट. आतून ताठ पट्टी असलेला आधार बांधून टाइप केलं, तर बोटं आणि खांदे त्याच्याशी झगडत राहतात. तो कधी आणि किती वेळ बांधायचा, हे डॉक्टरांनाच विचारा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधीर होऊन जाग येत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर नवी गादी शोधत बसू नका. लवकर डॉक्टरांना दाखवा. नस फार दिवस दबलेली राहिली, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू रोडावू लागतो.