निपाणीचा पिनकोड ५९१२३७, कॅल्क्युलेटर न घेता अवयव कसे पाडायचे

आपला पिनकोड सगळ्यांना पाठ असतो पण त्याच्या पोटात काय आहे ते कोण बघत नाही, म्हणून आज निपाणीचाच घेऊया. वही आणि पेन पुरे, निपाणीहून बेळगावला पोचेपर्यंत बसमध्ये आरामात होतंय.

आधी सोपं उरकून घ्या. शेवटी ७ आहे म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज २७, म्हणजे ९ नं भाग जातो, राहिले ६५६९३, त्याची बेरीज २९ म्हणून ३ आता संपला. ७, ११, १३ साठी तीन भागाकार करत बसू नका, पूर्ण पिनकोड मधोमध तोडा, ५९१ मधून २३७ वजा, आले ३५४, त्याला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, मग पिनकोडलाही नाही. कारण ७ × ११ × १३ = १००१, आणि आपला नंबर म्हणजे ५९१ वेळा १००१ वजा ३५४. आपल्या बेळगाव जिल्ह्यातले बरेच पिनकोड ५९१ नंच सुरू होतात, त्या सगळ्यांना हे असंच चालतं.

आता १७, १९, २३ करत चढत गेलं तरी उत्तर येतं, पण मला फर्माची रीत जास्त आवडते. १६४३ मध्ये या फ्रेंच माणसानं २०२७६५१२८१ असला दहा आकडी नंबर हिनंच फोडला, ४४०२१ × ४६०६१. शाळेतलं अ वर्ग वजा ब वर्ग आठवतंय ना, तेच, नंबर दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता आला की (अ − ब) आणि (अ + ब) हे त्याचे अवयव.

६५६९३ चं वर्गमूळ २५६ च्या जरा पुढं, म्हणून २५७ पासून सुरू करा. २५७ चा वर्ग ६६०४९, त्यातून ६५६९३ काढले की ३५६, हा पूर्ण वर्ग नाही. पुढं परत वर्ग करायचा नाही हां, ३५६ मध्ये ५१५ (२५७ + २५८) मिळवा, मग ५१७, मग ५१९, असं दोन दोन वाढवत चला, ८७१, १३८८, १९०७... शेवटी २, ३, ७, ८ आला की सोडा. शेवटी १ असेल तर दशकाचा अंक सम पाहिजे, ६ असेल तर विषम. एवढ्यावर सतरापैकी तेरा आपोआप गळतात, राहतात ३५६, ३४७६, ५५९६ आणि ८८३६, आणि ८८३६ म्हणजे ९४ चा वर्ग! तो २७३ ला सापडला, म्हणून २७३ − ९४ = १७९ आणि २७३ + ९४ = ३६७, दोन्ही मूळ संख्या.

म्हणजे ५९१२३७ = ३ × ३ × १७९ × ३६७, आणि विभाजक (प्रत्येक मूळ संख्या किती वेळा आली त्यात १ मिळवून गुणायचं) ३ × २ × २ = १२.

बेळगावच्या ५९०००१ ला मात्र ही रीत लावू नका. ३ काढल्यावर १९६६६७ राहतात, ते १९३ × १०१९, दोघं एकमेकांपासून फार लांब, त्यामुळं १६३ पायऱ्या लागतात, तर १७ पासून सरळ मूळ संख्यांनी भागत गेलं की ३८ भागाकारात १९३ सापडतो. म्हणून मी वीस पायऱ्या बघतो, नाही आलं की भागाकाराला लागतो.